घरचं मैदान

आपल्या गावात कबड्डीचे सामने होतात. आपला संघ जिंकला की आपण म्हणतो, "पोरं तयारीची आहेत." तोच संघ शेजारच्या गावी जाऊन हरून आला की आपण काय म्हणतो? "मैदान त्यांचं, माणसं त्यांची, पंचही त्यांचाच. मग दुसरं काय होणार?"

हे बोलणं तुम्ही ऐकलं असेल. मीही ऐकलं आहे. खरं सांगायचं तर बोललोही आहे. पण त्यात खरं किती आणि हरल्याचं दुःख झाकण्यापुरतं किती, हे कधी कुणी तपासलं आहे का? घरच्या मैदानावर खेळलं म्हणजे खरोखर जास्त जिंकता येतं का? येत असेल तर किती? आणि कशामुळे?

हे तपासायचं तर हिशेब पाहिजे. कोणता सामना कुठं झाला आणि कोण जिंकलं, याची वर्षानुवर्षांची नोंद पाहिजे. आपल्या गावोगावच्या सामन्यांची अशी नोंद नसते. ढाल कपाटात राहते आणि आकडे विसरून जातात. पण जगात एक खेळ असा आहे की त्याचा हिशेब सावकाराच्या वहीसारखा ठेवलेला आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या सामन्याचा निकालही त्यात सापडतो. तो खेळ अमेरिकेतला. त्याचं नाव बेसबॉल. म्हणून आपला गावचा प्रश्न घेऊन आज आपण अमेरिकेत जाऊ.

माझी मुलगी अमेरिकेत बोस्टन शहरात राहते. नातवाच्या वेळी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. तेव्हा जावयांनी मला बेसबॉलचा सामना दाखवला. पहिला तासभर मला काहीएक कळलं नाही. लोक ओरडले की मीही टाळ्या वाजवायचो. मग जावयांनी समजावून सांगितलं, ते असं.

दोन संघ असतात. प्रत्येक संघात नऊ गडी. मैदानाच्या एका कोपऱ्यात जमिनीत पांढरी रबरी पाटी बसवलेली असते. तिला ते लोक 'घर'च म्हणतात. त्या पाटीजवळ बॅटवाला उभा राहतो. बॅट क्रिकेटच्या बॅटसारखी चपटी नसते, मुसळासारखी गोल असते. सुमारे ६० फुटांवरून दुसऱ्या संघाचा गडी चेंडू फेकतो. चेंडू टप्पा घेत नाही, सरळ हवेतून येतो. बॅटवाल्याने तो टोलवायचा आणि पळायचं. पळायची वाट चौकोनी आहे. तीन कोपऱ्यांवर तीन ठाणी, चौथ्या कोपऱ्यावर घर. तिन्ही ठाणी शिवून घरी परत आलं की एक धाव झाली. तीन गडी बाद झाले की त्या संघाची पाळी संपली. मग दुसऱ्या संघाची पाळी. अशा दोघांच्या नऊ-नऊ पाळ्या होतात. पाहुणा संघ आधी बॅट घेतो, घरचा संघ नंतर.

आता बॅटवाल्याने चेंडूला बॅट लावलीच नाही, तर काय? इथं पंचाचं काम येतं. पाटी १७ इंच रुंद असते. चेंडू त्या १७ इंचांच्या वरून आणि बॅटवाल्याच्या गुडघ्यापासून साधारण छातीपर्यंतच्या पट्ट्यातून गेला, तर तो चांगला चेंडू. त्याला स्ट्राइक म्हणतात. असे तीन झाले की बॅटवाला बाद. चेंडू पट्ट्याच्या बाहेरून गेला तर तो वाईट चेंडू. असे चार झाले की बॅटवाल्याला पहिलं ठाणं फुकट मिळतं. हे सगळं कोण ठरवतो? मागे वाकून उभा असलेला पंच. चेंडू ताशी सुमारे दीडशे किलोमीटर वेगाने येतो. पंचाला पाहायला अर्धा सेकंदही मिळत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिच्यावरच सगळं यायचं आहे.

आता हिशेबाकडे वळू.

अमेरिकेत या खेळाचे सर्वांत मोठे संघ ३० आहेत. प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. ८१ आपल्या गावी आणि ८१ परगावी. तीस संघांचे मिळून २४३० सामने होतात. (३० ला १६२ ने गुणलं तर ४८६० येतात. पण प्रत्येक सामना दोन संघांच्या वहीत लिहिला जातो, म्हणून निम्मे करायचे.)

निम्मे घरी आणि निम्मे बाहेर, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. समजा, गावातला जबर संघ सगळे सामने घरीच खेळला आणि जिंकला. मग तो जोरामुळे जिंकला की मैदानामुळे, हे कसं कळणार? पण इथं जबर संघालाही निम्म्या वेळा बाहेर जावं लागतं आणि दुबळ्यालाही निम्म्या वेळा घरी खेळायला मिळतं. जोराचा फरक दोन्ही पारड्यांत सारखाच पडतो. मग जे उरतं, ते मैदानाचं वजन.

ते वजन किती? १०० सामने झाले तर घरचा संघ साधारण ५४ जिंकतो आणि पाहुणा ४६. एखाद्या वर्षी थोडं कमी, एखाद्या वर्षी थोडं जास्त. पण कित्येक वर्षांचा हिशेब याच आकड्याच्या आसपास आहे. एका संघापुरतं बोलायचं तर, मध्यम ताकदीचा संघ घरच्या ८१ सामन्यांत ४४ जिंकेल आणि बाहेरच्या ८१ मध्ये ३७. फरक सात सामन्यांचा.

जावयांनी हा आकडा सांगितला तेव्हा मी म्हणालो, "एवढंच?" मला वाटलं होतं, शंभरात सत्तर तरी असतील. आपण गावात बोलतो ते ऐकलं तर असंच वाटतं की परगावी जिंकणं माणसाच्या हातात नाही. हिशेब सांगतो, शंभरात ४६ वेळा पाहुणाच जिंकून जातो.

मग पुढची शंका. ५४ आणि ४६ मध्ये फरक तो काय? हे आपोआपही झालेलं असेल. एक नाणं घ्या. शंभर वेळा उडवा. बरोबर ५० वेळा छाप येईल असं नाही. ५४ वेळाही सहज येईल. म्हणून नाण्यात खोट आहे असं आपण म्हणणार नाही.

शंका बरोबर आहे. तिचं उत्तर सामन्यांच्या संख्येत आहे. आपण बियाण्याची उगवण कशी पाहतो? ओल्या गोणपाटात सात दाणे ठेवत नाही, शंभर ठेवतो. सात दाण्यांत सातही उगवतील, नाहीतर चारच उगवतील. त्यावर बियाणं चांगलं की वाईट हे ठरत नाही. दाणे जितके जास्त, तितका भरवसा जास्त. नाण्याचंही तसंच. नाणं २४३० वेळा उडवलं तर छाप १२१५ च्या आसपास येते. इकडेतिकडे होईल, पण ५० हून जास्त फरक पडणं वीस खेपांत एखाद्या वेळीच घडतं. आता शंभरात ५४ म्हणजे २४३० मध्ये १३१२ विजय. निम्म्याहून ९७ जास्त. आणि हे एका वर्षी नव्हे, वर्षांमागून वर्षं. तेव्हा हा नाण्याचा खेळ नाही. फायदा लहान आहे, पण खरा आहे.

थोड्या सामन्यांवरून बोललं की माणूस कसा फसतो, हेही पाहा. हंगामाच्या शेवटी दोन श्रेष्ठ संघांत जास्तीत जास्त सात सामन्यांची लढत होते. आधी चार जिंकेल तो अजिंक्य. १९९१ साली ही लढत मिनिआपोलिसच्या संघात आणि अटलांटाच्या संघात झाली. सातही सामने घरच्या संघाने जिंकले. मिनिआपोलिसचं मैदान तेव्हा छताखाली होतं. छत कापडासारखं पांढरं, हवेच्या दाबावर फुगवून उभं केलेलं. उंच गेलेला चेंडू त्या पांढऱ्यात दिसेनासा व्हायचा. आवाज तर असा घुमायचा की कानठळ्या बसाव्यात. लोक म्हणाले, "बघा, घरच्या मैदानाची ताकद!"

पुढे २०१९ साली हीच लढत वॉशिंग्टनच्या आणि ह्यूस्टनच्या संघांत झाली. पुन्हा सात सामने. या वेळी सातही सामने पाहुण्या संघाने जिंकले! वॉशिंग्टनने आपल्या घरचे तिन्ही सामने घालवले, ह्यूस्टनला जाऊन चार जिंकले आणि ढाल नेली. आता काय म्हणायचं? नाणं सात वेळा उडवलं तर सातही वेळा छाप येण्याचा प्रसंग १२८ खेपांत एकदा येतो. क्वचित येतो, पण येतो. म्हणून १९९१ वरून एक गोष्ट सांगणारा आणि २०१९ वरून दुसरी गोष्ट सांगणारा, दोघेही सात दाण्यांवर बियाणं पारखणारे.

शिकलेली माणसंही यात फसतात. १९८४ साली बाउमाइस्टर आणि स्टाइनहिल्बर या दोन अभ्यासकांनी १९२४ ते १९८२ पर्यंतच्या या लढतींचा हिशेब मांडला. त्यांना दिसलं की पहिल्या दोन सामन्यांत घरचा संघ शंभरात सुमारे ६० वेळा जिंकतो, पण शेवटच्या निकाली सामन्यात सुमारे ४० वेळाच. त्यांनी म्हटलं, घरच्या माणसांसमोर नाव राखायचं दडपण येतं आणि गडी बिचकतो. किती पटण्यासारखं आहे, नाही? मलाही पटलं होतं. घरच्या माणसांनी पुढच्या ओळीत बसावं आणि पोराने नेमकं तिथंच पाठांतर विसरावं, हे मी शाळेच्या स्नेहसंमेलनात दर वर्षी पाहिलं आहे. पण पुढे १९९५ साली दुसऱ्या अभ्यासकांनी १९९३ पर्यंतच्या लढती मिळवून तोच हिशेब पुन्हा केला. तेव्हा तो फरक टिकला नाही. दाणे कमी होते, एवढाच त्याचा अर्थ.

असो. फायदा आहे, हे नक्की झालं. आता कशामुळे?

पहिलं कारण मैदान. बेसबॉलची मैदानं एकसारखी नसतात. बोस्टनचं मैदान १९१२ सालचं आहे. त्याच्या डाव्या अंगाला हिरवी भिंत आहे. ३७ फूट उंच, म्हणजे तीन मजली घराएवढी. मी पाहिली तेव्हा मान वर करून पाहिली. उंच टोलवलेला चेंडू तिच्यावर आदळून परत येतो. तो कोणत्या कोनात येईल हे तिथल्या गड्याला अंगवळणी पडलेलं असतं. पाहुणा मात्र धावत पुढे जातो आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे. त्याच भिंतीत धावांचा फलक आहे. आत माणसं बसतात आणि आकड्यांच्या पाट्या हाताने लावतात. एवढ्या यंत्रांच्या देशात हे पाहून मला फार बरं वाटलं.

दुसरं गाव डेन्व्हर. ते समुद्रापासून ५२८० फूट उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा थोडंसंच खाली. तिथली हवा विरळ. टोलवलेला चेंडू जास्त लांब जातो आणि फेकलेला चेंडू कमी वळतो. पाहुण्या गड्याचा हुकमी वळणारा चेंडू तिथं नेहमीएवढा वळत नाही. कोरड्या हवेत चेंडू वाळून टणक होतात, म्हणून २००२ पासून ते दमट खोलीत जपून ठेवतात. डेन्व्हरचा संघ घरी एक आणि बाहेर भलताच. घरच्या आणि बाहेरच्या कामगिरीत त्याच्याएवढं अंतर फार थोड्या संघांचं पडतं.

प्रवासाचंही तसंच आहे. अमेरिका एवढी रुंद आहे की पूर्वेच्या काठावर दुपारचे बारा वाजतात तेव्हा पश्चिमेच्या काठावर सकाळचे नऊच वाजलेले असतात. विमानाने गेलं की घड्याळ बदलतं, पण अंगाची भूक आणि झोप जुन्याच वेळेवर चालते. २०१७ साली तिथल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २० वर्षांतले ४६,५३५ सामने तपासले. त्यांना दिसलं की प्रवास पूर्वेकडे झाला तर त्रास जास्त होतो. आणि नवल असं की पश्चिमेकडून नुकताच घरी परतलेला घरचा संघसुद्धा ढिला पडतो. त्याचं पळणं मंदावतं. घरच्या मैदानाचा सगळा फायदा पुसून जावा, एवढा तो परिणाम होतो. म्हणजे नुसतं घर पुरत नाही, घरी झोपही झालेली असली पाहिजे. बोस्टनहून परत आल्यावर मी आठ दिवस भरदुपारी झोपत होतो, तेव्हा हे मला वेगळं शिकायला नको.

नंतर बॅट घेणं हे तिसरं कारण म्हणून सांगतात. शेवटची पाळी आपली असली की किती धावा पाहिजेत हे कळतं. ऐकायला बरोबर वाटतं. पण एकोणिसाव्या शतकात घरच्या संघाला पाळी निवडायची मुभा होती, तेव्हा कितीतरी संघ आधी बॅट घेत. कोरा, टणक चेंडू आपल्याला टोलवायला मिळावा म्हणून. २००६ साली सायमन आणि सायमनॉफ या दोघांनी हिशेब केला, तेव्हा शेवटच्या पाळीचा म्हणण्यासारखा फायदा त्यांना आढळला नाही.

उलट पहिल्या पाळीतच काहीतरी आहे. डेलावेअर विद्यापीठात डेव्हिड स्मिथ नावाचे जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९८९ साली जुन्या सामन्यांच्या वह्या गोळा करायचं काम काढलं. गावोगावचे हौशी लोक पैसे न घेता त्यांना मिळाले. कुणी वर्तमानपत्रांची जुनी पानं चाळली, कुणी संघांच्या कपाटांतून वह्या काढल्या. त्या हिशेबातून दिसलं की घरचा संघ पाहुण्यापेक्षा ज्या जास्तीच्या धावा करतो, त्यातला मोठा वाटा पहिल्या पाळीतलाच असतो. एक कारण असं सांगतात: घरचा चेंडूफेक्या अंग गरम करतो आणि लगेच मैदानात उतरतो. पाहुण्याचा चेंडूफेक्या अंग गरम करतो आणि आपल्या संघाची पाळी संपेपर्यंत बसून राहतो. ती पाळी किती वेळ चालेल, कुणाला ठाऊक? तोवर अंग थंड.

आता उरली दोन मोठी कारणं, माणसं आणि पंच. ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

माणसांचा ओरडा गड्याला जोर देतो, हे आपल्या सर्वांचं मत. १९७७ साली श्वार्ट्झ आणि बार्स्की या दोघांनी निरनिराळ्या खेळांचा हिशेब मांडून हेच म्हटलं की घरच्या प्रेक्षकांचा पाठिंबा हेच खरं कारण. पण २०११ साली टोबायस मॉस्कोविट्झ हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि जॉन वर्थाइम हे खेळांविषयी लिहिणारे पत्रकार, या दोघांनी एक पुस्तक लिहिलं. त्यांनी म्हटलं, ओरडा गड्याला ऐकू येतो त्यापेक्षा जास्त पंचाला ऐकू येतो.

थांबा. लगेच "पंच त्यांचाच" असं म्हणू नका. तिथले पंच घरच्या संघाचे नसतात. ते मंडळाचे पगारी नोकर असतात आणि आज या शहरात, उद्या त्या शहरात फिरतात. त्यांचं घर कुठंच नसतं. तरीही हिशेबात दिसलं की पट्ट्याच्या काठावरून गेलेल्या चेंडूला पंच काय म्हणतो, याचा कल थोडासा घरच्या संघाकडे झुकतो. आणि सामना अटीतटीला आला की जास्त झुकतो.

ही माणसं बेइमान होती का? याचं उत्तर कॅमेऱ्याने दिलं. त्या काळी काही मैदानांवर चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे पंचांची तपासणी करण्यासाठी बसवले होते. सगळ्या मैदानांवर नव्हते. त्यामुळे आपोआप एक परीक्षा झाली. कॅमेरा नसलेल्या मैदानावर कल दिसत होता. कॅमेरा असलेल्या मैदानावर तो नाहीसा होत होता. पंच तेच, नियम तेच. पैसे खाणाऱ्याचं एक वेळ समजतं. पण इथं कुणी पैसे खाल्लेले नव्हते. काठावरचा चेंडू, अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ आणि चाळीस हजार माणसं एका बाजूने ओरडताहेत. अशा वेळी मन जे पाहतं ते डोळ्याने पाहिलं असंच वाटतं.

हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण मी पंच होतो. नोकरीत असताना एकदा शाळाशाळांचे कबड्डीचे सामने आमच्या शाळेच्या मैदानावर झाले. शेवटचा सामना आमची शाळा आणि शेजारच्या गावची शाळा यांच्यात. दुसरा पंच आला नाही, म्हणून शिटी माझ्याकडे. शेवटच्या मिनिटाला त्यांचा एक मुलगा चढाईवर आला. त्याने निदान रेषा ओलांडली की नाही, एवढाच प्रश्न होता. आमची दोनशे पोरं एका सुरात ओरडली, "नाही! नाही!" मी शिटी वाजवली आणि त्याला बाद दिलं. आम्ही एका गुणाने जिंकलो. त्यांच्या गुरुजींनी वाद घातला नाही. चहा घेतला. निघताना मात्र हळूच म्हणाले, "गुरुजी, रेषेपलीकडे टाचेची खूण आहे. सवडीने बघा." ती मंडळी गेल्यावर मी एकटा मैदानात गेलो. खूण होती. चुना पुसून टाच चांगली चार बोटं पलीकडे गेली होती. देवाशपथ सांगतो, शिटी वाजवताना मला तो पाय अलीकडेच दिसला होता. दुसऱ्या दिवशी मी त्या शाळेत जाऊन हे सांगायला हवं होतं. गेलो नाही. ढाल आमच्याच कपाटात राहिली.

तर पंच हेच मुख्य कारण, असं त्या पुस्तकाने म्हटलं. अनेकांना पटलं. आणि मग २०२० साल आलं.

करोनाचं ते वर्ष तुम्हाला आठवत असेलच. अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम जुलैच्या अखेरीस सुरू झाला, तोही छोटा. एकेका संघाला साठच सामने. मैदानांत नियमित सामन्यांना प्रेक्षक नाहीत. खुर्च्यांवर पुठ्ठ्याची माणसं उभी केली आणि टाळ्यांचा आवाज यंत्रातून सोडला. अभ्यासकांना जे कधी करता आलं नसतं, ते त्या रोगाने करून दाखवलं. ओरडणारी माणसं काढून घेतली आणि बाकी बरंचसं तसंच ठेवलं. माणसांमुळे फायदा असेल, तर आता तो जायला हवा.

तो गेला नाही. त्या वर्षी ८९८ सामने झाले आणि घरच्या संघांनी सुमारे ५०० जिंकले. निम्मे म्हणजे ४४९. फरक ५० चा. नाण्याच्या हिशेबाने ८९८ मध्ये ३० पर्यंतचा फरक आपोआप पडू शकतो, पण ५० चा सहसा नाही. शंभरात ५५-५६ असा तो आकडा येतो. माणसं नसताना फायदा वाढला, असं मात्र कुणी म्हणू नये. ५४ आणि ५५-५६ यांतलं अंतर एवढ्याशा सामन्यांत धरता येत नाही.

त्याच वर्षी जर्मनीत फुटबॉलचं उलट झालं. तिथला सर्वांत मोठा सामनासंच मे महिन्यात रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाला. आधी घरचा संघ शंभरात ४३ सामने जिंकत होता, तो ३३ वर आला. (फुटबॉलमध्ये बरेच सामने बरोबरीत सुटतात, म्हणून आकडे निम्म्याहून खाली दिसतात.) सामने ८० च्या आसपासच होते, म्हणजे मूठभर दाणे. पण मग अनेक देशांचे हिशेब एकत्र केले गेले. त्यांतही फुटबॉलमधला घरचा फायदा कमी झालेला दिसला, आणि प्रेक्षक नसताना पंचांनी पाहुण्यांना दाखवलेली पिवळी कार्डंही कमी झालेली दिसली.

याचा मेळ मी असा लावतो. फुटबॉलमध्ये पंचाच्या एका शिटीने सामना फिरतो. बेसबॉलमध्ये पंचाचे निर्णय शेकड्यांनी असतात, पण एकेकाचं वजन हलकं. आणि मधल्या वर्षांत सगळ्याच मैदानांवर कॅमेरे बसले होते, त्यामुळे पंच आधीच सावध झाले होते. म्हणून बेसबॉलमधले ते चार जास्तीचे विजय एका कारणाचे नाहीत. थोडी भिंत, थोडी झोप, थोडी पहिली पाळी, थोडा पंच. मला एकच कारण सापडलं असतं तर लिहायला सोपं गेलं असतं.

पंचाचा भाग आता आणखी उघडा पडणार आहे. २०२५ च्या सप्टेंबरात तिथल्या मंडळाने ठरवलं की २०२६ च्या हंगामापासून गड्याला पंचाच्या निर्णयावर दाद मागता येईल. पट्ट्याच्या काठावरचा चेंडू पंचाने चुकीचा दिला असं वाटलं, तर बॅटवाल्याने, चेंडूफेक्याने किंवा चेंडू झेलणाऱ्याने लगेच आपल्या डोक्यावर हात थोपटायचा. बाहेरून कुणी सांगायचं नाही. मग कॅमेऱ्यांनी टिपलेलं चित्र मैदानातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर दाखवतात. प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन वेळा अशी दाद मागता येते. दाद खरी ठरली तर ती संधी तशीच शिल्लक राहते, खोटी ठरली तर एक संधी गेली. यामुळे घरच्या संघाचे ५४ खाली येतात की तिथंच राहतात, हे पाहायला काही हजार सामन्यांचे दाणे लागतील. जावयांनी त्यासाठी नवी वही घातली आहे. दर रविवारी फोनवर मला आकडे सांगतात आणि मी इकडे माझ्या वहीत उतरवून घेतो.